लेकीचा व्यायाम बंद केला तेव्हा आणि परत सुरू केला तेव्हा

लेकीच्या खाण्याच्या आजाराबद्दल खूप दिवस लिहायचं म्हणत होते पण हात होत नव्हता. आता लेकीला विचारलं, ती म्हणाली लिही, फक्त माझं नाव नको आणि वजनाचे आकडे नको. म्हणून इथे तिला चिऊ म्हणते, आणि किलो, कॅलरी असले आकडे लिहिणार नाहीये, कारण हे वाचणारी एखादी मुलगी किंवा मुलगा त्या आकड्यांशी स्पर्धा लावतो, हे मी घरातच बघितलंय.

२०२२ ची गोष्ट, चिऊ नववीत होती. आम्ही पुण्यात तळजई टेकडीच्या जवळ राहतो. नवरा पळणाऱ्यातला, दर रविवारी ग्रुपबरोबर, मॅरेथॉनची मेडल्स हॉलमध्ये टांगलेली. गणपतीनंतर चिऊ म्हणाली बाबा मीपण येते टेकडीवर, तर आम्हाला इतका आनंद झाला काय सांगू, कारण आजूबाजूची सगळी पोरं मोबाईलमध्ये तोंड खुपसून आणि आमची पहाटे साडेपाचला बूट घालून तयार. गोड सोडलं, तळलेलं सोडलं, आम्ही कौतुकच केलं. दिवाळीत नातेवाईक आले, प्रत्येकाच्या तोंडी एकच, किती छान बारीक झालीस गं, काय करतेस आम्हालापण सांग. ती वाक्यं तिने मनात जपून ठेवली होती, पुढे कधीतरी तिनेच सांगितलं, कोण कुठे उभं राहून काय म्हणालं इथपर्यंत.

मग पोळीवरचं तूप गेलं, भात गेला, मग पोळी दोनाची एक, एकाची अर्धी. सोमवार, गुरुवार, संकष्टी, एकादशी, सगळे उपास सुरू. सासूबाईंना वाटलं नात किती गुणी, देवाधर्माचं करते. साबुदाणा मात्र खायची नाही, "तेलकट आहे" म्हणून नुसतं ताक. आणि एकीकडे हालचाल वाढतच चाललेली. आम्ही पाचव्या मजल्यावर राहतो, लिफ्ट बंदच केली तिने. अभ्यास उभ्याने. फोनवर बोलताना घरभर फेऱ्या. पाहुणे बसलेले असले तरी ही दाराच्या चौकटीला टेकून उभी. हातातल्या घड्याळात दिवसाचा पावलांचा आकडा पुरा झाला नाही तर रात्री अकराला गच्चीत जायची. एकदा रात्री दोन वाजता तिच्या खोलीतून बारीक थप थप असा आवाज आला, मी दार उघडलं तर अंधारात घामाघूम होऊन एकाच जागी उड्या मारत होती आणि रडत होती. रडत होती आणि थांबत नव्हती. मी म्हटलं अगं झोप ना, तर म्हणाली, "आई, अजून शंभर राहिल्यात, मला थांबता येत नाहीये." त्या रात्री मला पहिल्यांदा भीती वाटली. व्यायाम करून माणसाला बरं वाटतं ना, हिच्या चेहऱ्यावर तर शिक्षा भोगत असल्यासारखं होतं.

नोव्हेंबरमध्ये एका डॉक्टरांकडे नेलं. पाळी बंद झाली होती, हात गार, केस बाथरूमच्या जाळीत गोळा होतील इतके गळत होते. रक्त तपासलं, सगळं नॉर्मल. ते म्हणाले वाढतं वय आहे, दहावीचं टेन्शन आत्तापासून घेतायत मुलं, व्यायाम चांगलाच आहे, चालू ठेवा. पाळी येण्यासाठी गोळ्या दिल्या. आम्ही विश्वास ठेवला आणि दोन महिने गेले. या आजारात रक्ताचे रिपोर्ट बराच काळ नॉर्मल येऊ शकतात हे आम्हाला माहीत नव्हतं, आणि हे प्रत्येक आईबापाला माहीत असायला हवं असं मला फार वाटतं.

संक्रांतीला तिने तिळगूळ हातात घेतला आणि रुमालात गुंडाळला, मी बघितलं. दोन दिवसांनी टेकडीवर चक्कर येऊन पडली. नवऱ्याने उचलून खाली आणलं, तो नंतर म्हणाला, उचलताना हाताला काही लागलंच नाही गं. यावेळी मैत्रिणीने सांगितलेल्या मुलांच्या डॉक्टर मॅडमकडे गेलो, त्या वयात येणाऱ्या मुलांचंच काम करतात. त्यांनी आधी चिऊला झोपवून नाडी मोजली. ४२. नवरा म्हणाला, मॅडम ती पळते ना, पळणाऱ्यांची नाडी कमीच असते, माझी पण पन्नास आहे. मॅडमनी काही न बोलता चिऊला उभं केलं आणि दोन मिनिटांनी परत मोजली. ८८. मग त्या नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, तुमचं हृदय ताकद आल्यामुळे सावकाश चालतं, तिचं उपाशी आहे म्हणून सावकाश चालतंय. नुसतं उभं राहिलं तरी धावायला लागतंय बघा. शरीराला खायला मिळालं नाही की ते स्नायू खातं, आणि हृदय हाही स्नायूच आहे. जागेपणी नाडी पन्नासच्या खाली असली तर मी घरी पाठवत नाही, आजच ॲडमिट करायचं.

अ‍ॅनोरेक्सिया हा शब्द तेव्हा पहिल्यांदा आमच्या घरात आला, वजन वाढायच्या भीतीने माणूस खाणं सोडत जातो तो आजार. मला वाटायचं हा परदेशातल्या मॉडेल मुलींचा आजार.

बारा दिवस हॉस्पिटल. मला वाटलं होतं सलाईन लावतील, भरपूर खायला घालतील, झालं. पण सुरुवातीला खाणंसुद्धा मोजून मापून वाढवत होते, रोज रक्त काढून फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम बघत होते, कारण खूप दिवस उपाशी असलेल्या शरीरात एकदम अन्न गेलं की फॉस्फरस झपकन खाली येतो आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात, त्याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात. म्हणजे उपाशी माणसाला खायला घालणं हेसुद्धा डॉक्टरांच्या नजरेखालीच करायचं काम आहे हे तिथे कळलं. आणि व्यायाम शून्य. शून्य म्हणजे अगदी शून्य, बाथरूमला जातानासुद्धा सिस्टर बरोबर. तिसऱ्या दिवशी सिस्टरच्या लक्षात आलं की पांघरुणाखाली हिचे पाय सतत हलतायत. मी चिडून म्हटलं चिऊ बास कर ना आता, तर मॅडमनी मला बाहेर बोलावलं. म्हणाल्या, ती करत नाहीये, आजार तिच्याकडून करून घेतोय.

मग त्यांनी उंदरांचं सांगितलं. १९६० च्या दशकात प्रयोग झाले होते, उंदरांना दिवसातून एकच तास खायला द्यायचे आणि पिंजऱ्यात पळायचं चाक ठेवायचे. तेवढंच खाणं पण चाक नाही असे उंदीर त्या एका तासात खायला शिकले आणि जगले. चाक असलेले उंदीर दिवसेंदिवस जास्त पळत गेले आणि समोर असलेलं अन्नसुद्धा कमी खात गेले, थांबवलं नसतं तर मरेपर्यंत. म्हणजे उपासमार आणि पळणं ही दोन्ही एकत्र आली की एकमेकांना ढकलत नेतात. उंदराला काही आरशात बघायचं नसतं, फोटो टाकायचे नसतात, तरी होतं. हे ऐकून मला जे सुटल्यासारखं वाटलं ते सांगता येत नाही, कारण तोपर्यंत मी रोज रात्री हाच विचार करत होते की आमचं काय चुकलं, आम्हीच तर टेकडीवर नेलं होतं.

घरी आल्यावर खरं काम. जी पद्धत वापरली ती लंडनच्या मॉडस्ली हॉस्पिटलमध्ये १९८० च्या दशकात तयार झालेली, यात पहिले काही महिने मुलाच्या खाण्याची सगळी सूत्रं आईवडिलांच्या हातात असतात, ताट आम्ही वाढायचं, ती समोर बसून संपवणार, वाटाघाटी नाही, लेक्चर नाही, मग हळूहळू तिच्या हातात परत द्यायचं. दिवसातून सहा वेळा. आमच्या सायकॉलॉजिस्टनी एक वाक्य शिकवलं होतं, "अन्न हेच औषध आहे, डोस चुकवायचा नाही," मी ते फ्रिजवर चिकटवलं होतं. एका पोळीला कधीकधी सव्वा तास लागायचा. ताट फेकलं गेलंय, मला चावलीपण आहे एकदा. तीच चिऊ जी माझ्या कुशीत झोपायची.

आणि जेवल्यावर एक तास बसायचं. हे जेवणापेक्षा अवघड होतं, खरं सांगते. पोटात अन्न आणि बसून राहायचं म्हणजे तिच्या अंगावर मुंग्या सोडल्यासारखं व्हायचं. आम्ही पत्ते खेळलो, सापशिडी खेळलो, सासूबाईंनी तिला क्रोशा शिकवला, अजून घरात सगळीकडे त्या वेळचे रुमाल आहेत. लिफ्टच वापरायची, शाळेत मी स्कूटरवर सोडणार, पीटीच्या तासाला लायब्ररीत बसायचं, डॉक्टरांची चिठ्ठी दिली होती. घड्याळ कपाटात. नवऱ्याने त्याची मेडल्सपण काढून माळ्यावर टाकली, आणि त्याने घरात एक नियम केला जो मला सगळ्यात जास्त उपयोगी पडला असं वाटतं, की "आज श्रीखंड झालंय, उद्या दोन फेऱ्या जास्त माराव्या लागणार" असली वाक्यं कोणीही बोलायची नाहीत. टाळायला लागल्यावर कळलं आपण दिवसातून किती वेळा हे बोलतो! खाल्लं म्हणजे काहीतरी गुन्हा केला आणि व्यायाम म्हणजे दंड, हा हिशोब तिने कुठून उचलला? आमच्याच डायनिंग टेबलवरून.

सासूबाईंचं इथे लिहायलाच हवं. मॅडमनी सांगितलं उपास पूर्ण बंद, तर मला धाकधूक होती त्या काय म्हणतील. त्या चिऊच्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "तुझे सगळे सोमवार मी धरते, पुण्य तुझ्या नावावर, तू फक्त जेव." आणि वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी खरंच धरले. शेवटी चिऊनेच त्यांना सोडायला लावले, पण ते खूप पुढे.

नातेवाईकांचं मात्र सगळंच सोपं नव्हतं. नखरे आहेत, एक ठेवून दिली की खाईल, असं म्हणणारे होते. आणि अगदी शिकलेले लोक म्हणायचे, व्यायाम का बंद करताय, व्यायामाने तर भूक लागते, मूड सुधारतो. हे चूक नाहीये, पण कधी आणि कोणासाठी ते महत्त्वाचं. टाकी रिकामी असताना गाडी दामटली तर ती वाटेत बंदच पडणार.

फेब्रुवारीत हाडांचा डेक्सा स्कॅन झाला. मणक्याच्या हाडांची घनता वयाच्या मानाने कमी. नवरा म्हणाला, पळल्याने, उड्या मारल्याने हाडं मजबूत होतात असं वाचलंय. मॅडम म्हणाल्या, पोट भरलेलं असेल आणि पाळी येत असेल तर होतात. इस्ट्रोजेन (बायकांच्या शरीरातलं हार्मोन) नाही, अन्न नाही, अशात पळणं म्हणजे बारीक फ्रॅक्चरला आमंत्रण. आणि त्या पाळीच्या गोळ्यांबद्दल विचारलं तर त्यांनी नीट समजावलं, गोळ्यांनी रक्तस्राव होतो पण तो शरीर बरं झाल्याचा पुरावा नाही, हाडंही त्याने वाचत नाहीत, उलट आईबाप गाफील राहतात. गोळ्या बंद केल्या. हाडांची भरती मुख्यतः या वयातच होते, नंतर आयुष्यभर तीच शिल्लक वापरायची असते, हे ऐकून त्या रात्री मी झोपले नाही.

एप्रिलच्या मध्यावर, म्हणजे तीन महिन्यांनी, मॅडम स्वतःहून म्हणाल्या आता थोडी हालचाल सुरू करू. मी घाबरले. कशाला उगाच, चाललंय ना नीट, वजन वाढतंय, आता परत त्या वाटेला कशाला न्यायचं? माझ्या मनाने व्यायाम म्हणजे शत्रू असं पक्कं केलं होतं. त्या म्हणाल्या, आयुष्यभर हिला खुर्चीत बसवून ठेवणार आहात का? चोरून करत होती ते तुमच्यासमोर करू दे, एकटी करत होती ते कोणाबरोबर करू दे, खाणं घालवायला करत होती ते खाऊन करू दे. व्यायाम नव्याने शिकवणं हाही ट्रीटमेंटचाच भाग आहे, तो वगळला तर ती घरातून बाहेर पडल्यावर पहिल्या हॉस्टेलमध्ये जुनाच व्यायाम सुरू होईल.

अटी होत्या. झोपेतली नाडी आणि ईसीजी नीट, उभं राहिल्यावर नाडी उडत नाही, रक्त नॉर्मल, वजन ठरलेल्या रेषेवर चढतंय, आणि सहाच्या सहा वेळा खाणं जातंय. यातलं एक जरी घसरलं तर व्यायाम थांबणार, आणि ही शिक्षा नाही, ताप आल्यावर शाळेत पाठवत नाही तसं आहे, हे तिला आधीच सांगून ठेवलेलं. आठवड्यातून दोनदा, फिजिओथेरपिस्टबरोबर, फक्त पंधरा मिनिटं. आधी केळं, नंतर दूध आणि खजुराचा लाडू, आणि हे रोजच्या सहा वेळांच्या वर. केळं नाही खाल्लं तर त्या दिवशी सेशन नाही. आरसा नाही, घड्याळ नाही, मोजणं नाही.

हे मोजणं नाही फार महत्त्वाचं निघालं. मी भाबडेपणाने विचारलं होतं सूर्यनमस्कार घालू दे का, आपलं पारंपरिक आहे. फिजिओ ताई म्हणाल्या, सूर्यनमस्कारात आकडा असतो, बारा झाले की चोवीस, चोवीसचे एकशे आठ, तिच्या डोक्याला नेमकं तेच हवंय. मग त्यांनी साधं ताणणं, ताडासन, भिंतीला पाठ लावून श्वास, असलं सुरू केलं. आणि शवासन. तुम्हाला वाटेल शवासनात काय अवघड आहे. पहिल्या दिवशी ती दीड मिनिटात उठून बसली आणि हमसून हमसून रडली, काही न करता पडून राहणं तिला सहनच होत नव्हतं. ताई तिला प्रत्येक वेळी एकच विचारायच्या, आत्ता अंगात कुठे काय वाटतंय? सुरुवातीला उत्तर "माहीत नाही". पाचव्या का सहाव्या सेशनला म्हणाली, "पोटऱ्या दुखतायत." ताईंनी मला बाहेर येऊन सांगितलं आणि त्यांचेच डोळे भरले होते, म्हणाल्या, इतके महिने हिला दुखतंय हे कळतच नव्हतं.

योगाबद्दल मॅडमनी सांगितलेलं लक्षात आहे. अमेरिकेत सिएटलच्या मुलांच्या हॉस्पिटलचा एक अभ्यास २०१० मध्ये छापून आला, ईटिंग डिसऑर्डर, म्हणजे खाण्याचे आजार, असलेली ५४ मुलंमुली, वय ११ ते २१, निम्म्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर आठ आठवडे योग शिकवला. भीती होती की वजन उतरेल, तसं झालं नाही, आणि योग करणाऱ्यांच्या डोक्यात सतत चालणारा खाण्याचा विचार सेशननंतर कमी झालेला दिसला. त्या लगेच हेही म्हणाल्या की हा छोटा अभ्यास आहे, योग म्हणजे जादू नाही, बरं करणार ते जेवणच. मला त्यांचा हा सरळपणा फार आवडायचा.

जूनमध्ये पडलो आम्ही परत. शाळा सुरू झाली, दहावीचं वर्ष, आणि लागोपाठ दोन तपासण्यांना वजन उतरलेलं. कळलं की मधल्या सुट्टीत डबा मैत्रिणीला देऊन ही जिने चढउतार करत होती. ठरल्याप्रमाणे सगळं बंद, परत लिफ्ट, परत स्कूटर, मधल्या सुट्टीत मी शाळेत जाऊन तिच्याबरोबर डबा खायचे, एका बाईंनी स्टाफरूमच्या बाजूची खोली उघडून दिली, त्यांचे उपकार आहेत. चिऊ तेव्हा मला म्हणाली, "तू माझी सगळ्यात मोठी दुश्मन आहेस." मी म्हटलं चालेल, तो घास घे. स्कूटरपाशी जाऊन रडायचे. तीन आठवड्यांनी परत पंधरा मिनिटांपासून सुरुवात.

यावेळी सायकॉलॉजिस्टनी एक वेगळी गोष्ट घातली, आठवड्यातल्या एका ठरलेल्या सेशनला ऐनवेळी जायचं नाही. तयार व्हायचं, आणि मग नाही जायचं. आणि त्यानंतर तासभर मनात काय काय येतं ते वहीत लिहायचं. पहिल्या वेळी तिने लिहिलं होतं की आज मी गेले नाही तर काहीतरी वाईट होईल आणि ते माझ्यामुळे होईल. काय होईल ते तिलाही माहीत नव्हतं. असं पाच सहा वेळा झाल्यावर एकदा लिहिलं, काहीच झालं नाही, आजीबरोबर सिरियल बघितली. व्यायाम करता येणं आणि व्यायाम सोडता येणं, दोन्ही तपासायचं असतं, हे मला तोवर कधी सुचलंच नव्हतं.

त्या वर्षीच्या गणपतीत, सप्टेंबर २०२३, तिला ढोल पथकात जायचं होतं, मैत्रिणी जात होत्या. मॅडम नाही म्हणाल्या, कमरेला तो जड ढोल बांधून तासन् तास, तिच्या मणक्याला झेपणार नाही. खूप रडली पण जिन्यावर नाही गेली, जेवली आणि रडली. सोसायटीत मात्र पोरांबरोबर लगोरी खेळायला परवानगी होती वीस मिनिटं. एका संध्याकाळी गॅलरीतून बघत होते, कोणीतरी चेंडू मारला आणि ही धावताना घसरून पडली आणि पडल्या पडल्या हसत सुटली. वर्षभरानंतर तिला पळताना बघत होते आणि ती हसत होती.

डिसेंबरमध्ये पाळी आली, औषधाशिवाय. सासूबाईंनी शिरा केला आणि चिऊने वाटी पुढे केली. मार्चमध्ये दहावीची परीक्षा झाली, मार्कांचं मी विचारलंही नाही. उन्हाळ्यात फिजिओ ताईंनी थोडं वजन उचलणं, हलक्या उड्या सुरू केल्या, आता हाडांसाठीच, पाळी नियमित आणि वजन स्थिर झाल्यावर. पुढचा डेक्सा थोडा सुधारलेला आला, पूर्ण नाही. ते कदाचित पूर्ण होणारही नाही असं मॅडमनी स्पष्ट सांगितलंय.

२०२४ च्या पावसाळ्यात पथकाचा सराव सुरू झाला तेव्हा मॅडमनी झांजेला हो म्हटलं. आठवड्यातून तीन दिवस, आधी खाऊन, मध्ये ब्रेकमध्ये खाऊन, आणि ताल चुकला तर चुकला. मी पहिले काही दिवस नदीकाठी पुलावर स्कूटर लावून लांबून बघत बसायचे, ती कोणाला वडापाव देऊन टाकतेय का, ब्रेकमध्ये उभीच राहतेय का. तिला माहीत होतं मी येते, तिने तसं सांगितलंही, आई तू ये, पण पुलावरच थांब.

गणपती आठ दिवसांवर आले होते, त्या दिवशी मी गेले नव्हते, घरी पोळ्या लाटत होते. साडेआठला तिचा फोन आला. मागे ढोलांचा इतका आवाज की ती ओरडूनच बोलत होती. म्हणाली, "आई, घ्यायला ये ना, आज चालत नाही येणार, पाय जाम दुखतायत. मी इथे पायरीवर बसलीये. आणि घरी काय केलंयस, भूक लागलीये."

नवऱ्याने उरलेल्या पोळ्या लाटायला घेतल्या आणि मी स्कूटरची किल्ली शोधायला लागले.